वाफ्यातली माती गेली कुठे?

आमच्या सोसायटीच्या पोडियमवर फुलझाडांचा एक वाफा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या बहुतेक नव्या सोसायट्यांत असतो तसाच. खाली पार्किंग, वर स्लॅब, स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर दीड फूट माती आणि मातीत जास्वंद, अबोली, एक्झोरा, मोगरा. तीन वर्षांपूर्वी तो काठोकाठ भरला होता. लाल माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, शेणखत, सगळं मापात. मागच्या दिवाळीला पणत्या लावताना पाहिलं, तर माती कठड्याच्या चार बोटं खाली. सेक्रेटरीकाकांना पहिला संशय आला कंत्राटदाराचा, दुसरा माळीदादांचा.

"एवढी माती चोरून कोण नेणार, काका, आणि कशाला?" मी विचारलं.

"मग गेली कुठे?"

प्रश्न रास्त होता. उत्तर ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे: बरीचशी हवेत गेली.

थोडी नुसती दबली, हेही आहे. पावसाने बारीक कण मोठ्या कणांमधल्या फटींत जाऊन बसतात आणि भरताना भुसभुशीत दिसणारी माती खाली येते. पण वाफ्यात आपण जे ओततो त्यातला मोठा हिस्सा माती नसतोच. शेणखत, कोकोपीट, पालापाचोळा म्हणजे मुख्यतः कार्बन. मातीतले जिवाणू आणि बुरशी तो खातात आणि आपल्यासारखेच श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. आपण खाल्लेली पोळी जिथे जाते, तिथेच वाफ्यातलं खतही जातं. मागे उरते ती वाळू, गाळ आणि चिकणमाती, म्हणजे दगडाचा चुरा. तो खाल्ला जात नाही, म्हणून तो जागेवर राहतो.

हे कुजणं आपल्याकडे फार वेगात चालतं. ढोबळ हिशेब असा की ओल पुरेशी असेल तर तापमान १० अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. लंडनच्या बागेत हिवाळ्यात जमीन एवढी गार पडते की मातीतले जीव जवळजवळ झोपून जातात. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे येऊरच्या डोंगराकडून गार वारा आला की आपण कपाटातून स्वेटर शोधतो, पण मातीतल्या जिवांचं खाणं काही बंद होत नाही. म्हणून यूट्यूबवरच्या परदेशी बागांमध्ये वर्षातून एकदा, त्यांच्या वसंतात, कंपोस्ट घातलेलं पुरतं आणि आपल्याला पुरत नाही. त्यांचं ऐकून आम्हीही दोन वर्षं तसंच केलं. झाडं जगली, पण माती पोळीच्या तव्यासारखी घट्ट झाली.

कंपोस्ट नेमकं करतं काय

बहुतेकांच्या डोक्यात कंपोस्ट म्हणजे झाडाचं जेवण असतं. त्या दृष्टीने पाहिलं तर ते फारच फिकं जेवण आहे. युरियात ४६ टक्के नत्र असतं. चांगल्या कंपोस्टमध्ये, कोरडं वजन धरून, एक टक्क्याच्या आसपास. तेही लगेच मिळत नाही, बरंचसं सेंद्रिय रूपात अडकलेलं असतं आणि हळूहळू सुटतं. नुसतं नत्रच हवं असेल तर कंपोस्टची गोणी जिना चढून वर आणण्यात काही अर्थ नाही.

त्याचं खरं काम दोन प्रकारचं आहे. पहिलं काम मातीची रचना बांधण्याचं. भाजलेलं बेसन परातीत घ्या. ते पीठच आहे, फुंकर मारली तर उडेल. तूप पडलं की लाडू वळतो. मातीचे सुटे कणही तसेच पिठासारखे असतात. त्यांना एकत्र धरणारं तूप म्हणजे स्वतः कंपोस्ट नव्हे. कंपोस्ट खाणारे जिवाणू जो चिकट पदार्थ सोडतात तो, आणि बुरशीचे केसाहून बारीक धागे जे कणांना विणून ठेवतात ते. असे लहान-मोठे लाडू झाले की त्यांच्यामधल्या मोठ्या फटींतून जादा पाणी निघून जातं, हवा आत शिरते. आणि लाडवाच्या आतल्या सूक्ष्म फटींत झाडापुरतं पाणी धरून ठेवलं जातं. "पाण्याचा निचराही हवा आणि ओलही टिकायला हवी" हे जे सगळे सांगतात आणि ऐकणारा गोंधळतो, त्याचं उत्तर एवढंच आहे.

हे घरी पाहता येतं. आमच्या ओट्यावर मी पाण्याचे दोन ग्लास ठेवले होते. एकात जुन्या, पालापाचोळ्याने झाकलेल्या वाफ्यातलं वाळवलेलं सुपारीएवढं ढेकूळ सोडलं. दुसऱ्यात मागच्या बाजूच्या उघड्या जमिनीतलं तेवढंच. उघड्या जमिनीतलं ढेकूळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं विरघळून तळाशी चिखल झालं. वाफ्यातलं तासाभरानेही जागच्या जागी होतं, पाणी नुसतं जरासं चहाच्या रंगाचं. सेक्रेटरीकाकांना दहा मिनिटं बोलून जे पटलं नव्हतं ते दोन ग्लासांनी पटलं.

दुसरं काम गोदामाचं. चिकणमातीच्या आणि कुजून काळ्या झालेल्या सेंद्रिय पदार्थाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, अमोनियमच्या रूपातलं नत्र हे सगळे धनभाराचे, त्यामुळे ते या कणांना चिकटून बसतात आणि पाण्याबरोबर सहज वाहून जात नाहीत. मुळं हायड्रोजन देतात आणि बदल्यात हवं ते उचलतात, गहाण ठेवलेला दागिना सोडवावा तसं. आता आपली अडचण अशी की कोकणातल्या लाल मातीत जी चिकणमाती असते, केओलिनाइट जातीची, तिचं गोदाम अगदीच लहान. घाटावरच्या काळ्या मातीचं त्या मानाने प्रशस्त. पण पूर्ण कुजलेला सेंद्रिय पदार्थ, ज्याला ह्यूमस म्हणतात, तो वजनाला वजन घेतला तर केओलिनाइटच्या दहापटीहून जास्त माल धरतो. नर्सरीतून आणलेल्या लाल मातीत खत टिकत नाही अशी तक्रार आपण करतो, तेव्हा खताचा दोष नसतो; ठेवायला जागाच नसते.

आणि पाऊस? ठाण्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमचा वाफा १० फूट लांब, ४ फूट रुंद. अडीच हजार मिलिमीटर धरले तर या एवढ्याशा तुकड्यावर पावसाळ्यात सव्वानऊ हजार लिटर पाणी ओतलं जातं, म्हणजे गेटवर येणारा दहा हजारी टँकर जवळजवळ अख्खा. नायट्रेटच्या रूपातलं नत्र ऋणभाराचं असल्याने ते गोदामात राहतच नाही, पाण्याबरोबर निघून जातं. जूनमध्ये हौसेने टाकलेला युरिया जुलैपर्यंत खाडीत पोचतो तो असा.

येऊरच्या जंगलात खाली बसून

आता मुख्य वाद. वाफ्यावर मल्चिंग आहे, म्हणजे वाळका पाला, नारळाचा काथ्या, भाताचा पेंढा, जे काही असेल त्याचा थर. कंपोस्ट द्यायचं कसं? थराच्या वर, थराच्या खाली, की सगळं एकत्र खणून? माळीदादांचं मत खणायचं. वडिलांपासून ते तसंच करत आले आहेत, आणि भाजीच्या वाफ्यात, जिथे दर हंगामाला पीक उपटलं जातं, तिथे त्यात तथ्यही आहे. दुसऱ्या विंगमधल्या काकूंचं मत वर टाकायचं, कारण कमरेला बरं.

मी दोघांना घेऊन येऊरला गेले नाही, पण जायला हवं होतं. रस्त्याच्या कडेला कुठल्याही झाडाखाली उकिडवं बसा आणि बोटाने पाला बाजूला करा. सगळ्यात वर यंदाची वाळकी, अख्खी पानं. त्याखाली मागची, भिजलेली, जाळी झालेली, एकमेकांना चिकटलेली. त्याखाली काळा, चहाच्या चोथ्यासारखा मऊ थर. आणि मग माती. पण नेमकी माती कुठे सुरू झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही. तिथे कुणी कुदळ मारलेली नाही. वर पाला, मधे कंपोस्ट, खाली माती ही उतरंड झाडांनीच लावलेली आहे. आपल्या वाफ्यातही तीच लावायची: मल्च सरकवायचा, त्याखाली कंपोस्ट पसरायचं, मल्च परत ओढून घ्यायचा.

वर का नाही? एक तर उन्हात वरचं कंपोस्ट दोन दिवसांत वाळतं, त्यातले जीव मरतात आणि अमोनियाचा काही भाग उडून जातो. शिवाय पावसाचा मोठा थेंब ताशी तीसेक किलोमीटर वेगाने आपटतो, त्या माऱ्याने हलकं कंपोस्ट उडून फरश्यांवर येतं आणि मग हाउसकीपिंगच्या मावशी माझ्या नावाने बोलतात. सगळ्यात वैताग म्हणजे तण. मल्चचा निम्मा उपयोग तण दाबण्याचा; त्याच्यावर कंपोस्टचा थर दिला की उडत आलेल्या बियांसाठी आपण आयता गालिचाच अंथरतो.

खणून का नाही? जास्वंद, मोगरा, एक्झोरा यांची अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या चार-सहा इंचांतच पसरलेली असतात. खुरप्याच्या एका फटक्यात ती तुटतात, वर्षभर विणलेले बुरशीचे धागे तुटतात, बांधलेले लाडू फुटतात. एकदम हवा शिरल्याने कुजण्याला आणखी वेग येतो, म्हणजे ज्यासाठी खत घातलं तेच लवकर संपतं. आणि पोडियमवर तर कुदळ वॉटरप्रूफिंगला लागली की खालच्या गाडीवर पाणी टपकायला लागतं. मग चर्चा बागेत नव्हे, जनरल बॉडीत होते.

"पण खत खाली जाणार कसं?" हा माळीदादांचा प्रश्न. काही पाण्याबरोबर मुरतं, बाकीचं गांडुळं नेतात. चार्ल्स डार्विनने हे मोजून पाहिलं होतं. त्याने डिसेंबर १८४२ मध्ये घराजवळच्या कुरणात खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि तब्बल २९ वर्षांनी, १८७१ मध्ये, तिथे चर खणला. खडूची पांढरी रेघ सात इंच खाली गेलेली होती. कुणी खणलं नव्हतं. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकली आणि खडू आपोआप गाडला गेला. आपल्याकडे पावसाळ्यात लॉनवर मातीच्या शेवयांचे छोटे ढीग दिसतात ते याच कामाचे. एक मात्र लक्षात ठेवा: गांडूळखताच्या टाकीतली लालसर गांडुळं विकत आणून वाफ्यात सोडायची गरज नाही. ती कुजत्या कचऱ्यात राहणारी जात, साध्या मातीत फार तग धरत नाहीत. मातीत राहणारी आपली गांडुळं वर खाणं आणि खाली ओल मिळाली की स्वतः येतात. पोडियमवरही येतात, कुंड्यांच्या मातीतून.

भाकऱ्यांची चळत आणि चमचाभर पिठलं

खणण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे, आणि ते समजलं की मल्च आणि कंपोस्ट यांतला फरकही समजतो.

जिवाणूंनाही जेवायला प्रमाण लागतं. कार्बन ही त्यांची भाकरी आणि नत्र हे पिठलं. साधारण २४ भाग कार्बनमागे एक भाग नत्र असेल तर पंगत सुरळीत उठते. वाळक्या पानांत हे प्रमाण ४० ते ८० ला एक असतं, लाकडाच्या भुशात तर काही शेकड्यांना एक. म्हणजे भाकऱ्यांची चळत पुढ्यात आणि पिठलं चमचाभर. असा पाला मातीत मिसळला तर जिवाणू उरलेलं पिठलं मातीतूनच ओढून घेतात आणि तेवढे दिवस झाड उपाशी. पानं पिवळी पडतात आणि आपण म्हणतो, एवढं सेंद्रिय घातलं तरी असं कसं? तोच पाला वर नुसता पसरला तर ही उसनवारी फक्त पाला जिथे मातीला टेकतो त्या पातळ पट्ट्यात होते, मुळांपर्यंत पोचत नाही. म्हणून वाळकं नेहमी वर.

पिकलेल्या कंपोस्टमध्ये प्रमाण वीसला एकच्या खाली आलेलं असतं. त्याची उधारी संपलेली असते, ते देणेकरी नाही. मल्चच्या खाली त्याचा थर गेला की वरून कुजत येणाऱ्या पाल्यालाही पिठलं मिळतं आणि दोन्ही थर एकमेकांना सांभाळतात. पर्जन्यवृक्षाचा पाला याला थोडा अपवाद आहे. ते शेंगवर्गातलं झाड, पानांत नत्र बरं असतं, त्यामुळे तो महिन्या-दोन महिन्यांत कुजून जातो. बदामाची तांबडी पानं उलट. ती कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी चक्क वरून वाहून जातं. ती वापरायची तर गोणीत भरून पायांनी तुडवायची. सोसायटीतली पोरं हे काम फुकट आणि आनंदाने करतात.

चोवीस तासांचं खत

आता माझी चूक. आमच्या सोसायटीने ओल्या कचऱ्याचं यंत्र घेतलं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांना ओला कचरा शक्यतो आतच जिरवायला सांगितलं, तेव्हापासून अशा यंत्रांना बरे दिवस आहेत. विकणाऱ्याने सांगितलं, आज कचरा टाका, उद्या खत घ्या. दुसऱ्या दिवशी खरोखरच तपकिरी, कोरडी, कॉफीच्या भुकटीसारखी दिसणारी वस्तू बाहेर आली. वासही करपलेल्या टोस्टसारखा, वाईट नाही. मे महिना होता. मी हौसेने तिचा तीन इंचांचा थर अबोलीच्या बाजूने घातला.

जूनचा पहिला पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी लिफ्टच्या लॉबीपर्यंत आंबलेल्या डोशाच्या पिठाचा वास. वाफ्यावर करड्या बुरशीची लव, चिलटांचे ढग, रात्री घुशींनी उकरलेले खड्डे. आठवड्याभरात अबोलीची अकरा रोपं बुडाशी काळी पडून कोलमडली.

झालं होतं असं, की यंत्राने कचरा बारीक करून गरम करून वाळवला होता. कुजवला नव्हता. पापड वाळला म्हणजे भाजला असं होत नाही. पाणी लागताच थांबलेलं कुजणं दामदुप्पट वेगाने सुरू झालं, जिवाणूंनी मातीतला ऑक्सिजन संपवला, आंबूस आम्लं तयार झाली आणि मुळं गुदमरली. उष्ट्या अन्नातलं मीठ आणि तेल होतंच. यंत्र वाईट असं मी म्हणत नाही, जागा आणि वास वाचवतं. पण त्यातून निघतं तो कच्चा माल. आता आम्ही तो तेवढ्याच वाळक्या पाल्यात मिसळून, पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवून, अधूनमधून वर-खाली करत दोन महिने ढिगात ठेवतो. पहिल्या आठवड्यात ढीग एवढा तापतो की आत हात घालवत नाही. तो निवून पुन्हा तापेनासा झाला की समजायचं, पिकत आलं.

पिकलं की नाही हे पाहायला नाक पुरतं. पिकलेल्या खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते बनवणारे जिवाणू कुजण्याच्या शेवटच्या टप्प्यात जोर धरतात. शंका असेल तर मूठभर ओलं खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा आणि उघडून हुंगा. आंबूस किंवा अमोनियाचा भपकारा आला तर अजून कच्चं. त्याहून खात्रीचं म्हणजे दोन वाट्या: एकीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती निम्मं खत, दोन्हींत दहा-दहा मेथीदाणे. मातीत नऊ आणि खतात तीन उगवले तर ते खत वाफ्यात जाणार नाही.

विकतच्या शेणखताचंही तेच. कच्चं, गरम शेण आलं तर रोप जळतं आणि सोबत हुमणीच्या अळ्या येतात. गोणी फोडून चाळून घ्या.

नऊ घमेली

मापाचं बोलू, कारण "थोडं खत घाला" या सल्ल्याने कुणाचंही भलं झालेलं नाही.

४० चौरस फुटांवर एक इंच थर म्हणजे साधारण ९४ लिटर. आमच्या घमेल्यात दहा लिटर मावतं, म्हणून नऊ-साडेनऊ घमेली. वजनाने सुमारे ५० किलो, त्यातलं निम्मं पाणी. उरलेल्यात नत्र पाव किलोच्या आसपास आणि त्यातलं पहिल्या हंगामात सुटणार पाचवा हिस्सा धरा, म्हणजे ५० ग्रॅम. युरियाच्या भाषेत वाटीभर. फरक एवढाच की ही वाटी कुणीतरी रोज चिमूट-चिमूट वाढतं आहे.

हे सगळं एकदम नाही. मोठा हिस्सा, पाऊण इंचाचा, आम्ही नवरात्र ते दिवाळी या दिवसांत देतो. पाऊस ओसरलेला असतो, दिलेलं धुऊन जात नाही, आणि झेंडू, शेवंती, पिटुनिया नेमक्या तेव्हा लावायच्या असतात. पण माती वापशावर आलेली हवी: मूठ वळली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा. गोळा नुसताच दबला तर चार दिवस थांबा, ओल्या वाफ्यात पाय दिला की वर्षाचे लाडू एका पावलात मोडतात. उरलेला पाव इंच फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळीच्या वेळी, म्हणजे मल्चही फुकट मिळतो. पाला जाळायचा नाही हे वेगळं सांगायला नको. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे.

मल्च हाताने सरकवायचा, दाताळ्याने नाही. कंपोस्ट पसरताना खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी. मग मल्च परत, दोन ते तीन इंच जाड, तोही खोडाला न टेकवता, आणि झारीने सावकाश पाणी. पंधरा मिनिटांचं काम. मल्च जर इतका जुना असेल की खालून जाळी होऊन मातीला चिकटलाय, तर तो उचकटू नका. ते अर्धं कंपोस्टच आहे. त्यावरच खत भुरभुरवा आणि वरून नवा पाला द्या.

एकदा मात्र खणावं लागतं. जमिनीवरच्या वाफ्यांत बिल्डरने काय पुरलंय ते पाहायला. कंपाउंडच्या भिंतीलगत काकूंनी लावलेल्या अनंताची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दोन वर्षं चाललं होतं. खत झालं, औषध झालं. शेवटी फूटभर उकरलं तर टाइल्सचे तुकडे आणि प्लास्टरचा चुरा. मी त्यावर लिंबू पिळलं, फसफसलं. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते, लोह असूनही झाडाला घेता येत नाही. अशा जागी डेब्रिज काढा, वरच्या सहा-आठ इंचांत चौथा हिस्सा कंपोस्ट एकदाच मिसळा, आणि मग कुदळ कायमची माळ्यावर.

बहीण नेरुळला राहते, तिथला त्रास निराळा. खाडीलगतची जमीन आणि बोअरचं मचूळ पाणी. उन्हाळ्यात उघड्या मातीवर पांढरी साय येते. पाणी उडून जातं, मीठ वर राहतं. तिच्याकडे कंपोस्टपेक्षा मल्चचं काम मोठं, कारण झाकलेल्या मातीतून पाणी कमी उडतं आणि मीठ कमी वर चढतं. कंपोस्टही तिने पानांचं घ्यावं, उष्ट्या अन्नाचं नाही.

जास्त दिलं तर? होतं जास्त. वाफा स्पंजासारखा होऊन जुलैत मोगऱ्याची मुळं कुजतात. नत्र वाढून जास्वंदीला पानंच पानं येतात, फुलं नाहीत, आणि कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण बसतो. बोगनवेल आणि सदाफुली यांना तर खतच नको. त्यांना खायला घातलं की त्या आळशी होतात.

पावसाळ्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येऊ लागतात. मल्चखाली पांढरे धागे दिसले: ती बुरशी आपलीच, लाडू वळणारी. पिवळा, अंड्याच्या बलकासारखा फेस दिसला: तो स्लाइम मोल्ड, दोन दिवसांत वाळून भुकटी होतो, काही करत नाही. शंखी गोगलगायी मात्र खऱ्या शत्रू, जूनमध्ये मल्च दोन इंचांवर आणायचा आणि रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या. वाळवीची भीती असेल तर इमारतीच्या भिंतीपासून फूटभर पट्टा मोकळा ठेवावा.

यंदा फेब्रुवारीत मी कठड्याच्या आतल्या बाजूला मार्करने रेघ मारून ठेवली, मातीची पातळी आणि तारीख. गेल्या आठवड्यात सेक्रेटरीकाका चष्मा कपाळावर चढवून ती पाहत होते. माती रेघेच्या बोटभर खाली होती.

"म्हणजे पुढच्या वर्षी परत खाली जाणार?"

"जाणार."

"आणि परत नऊ घमेली?"

"साडेनऊ," माळीदादा म्हणाले. "आणि घमेलं नवीन लागेल, ताई. याच्या बुडाला भोक पडलंय."